पंप बदलला, पण टाकीचं काय?
जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला फ्युएल इंजेक्शन (इंजेक्टरने दाबाखाली पेट्रोल फवारणारी यंत्रणा) कसं बसवायचं, यावर ‘कार्ब्युरेटर काढा, थ्रॉटल बॉडी (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग) बसवा, जास्त दाबाचा पंप लावा, झालं’ असं सांगितलं जातं, ते अर्धंच खरं. जास्त दाबाचा पंप लागतोच. कार्ब्युरेटरचं ४-५ पीएसआयवर (दाबाचं एकक) भागतं, इंजेक्टरला बहुतेक वेळा ४३च्या आसपास लागतात. पण खरी डोकेदुखी टाकीत असते. बऱ्याच जुन्या टाक्यांमध्ये पेट्रोल हिंदकळू नये म्हणून आतले आडपत्रे नसतात. टाकी पाव भरलेली असताना जोरात वळलात की पेट्रोल एका कडेला जातं आणि पंप हवा ओढतो. पूर्वी हे कळायचं नाही, कारण कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटच्या वाटीत थोडं पेट्रोल साठलेलं असायचं, त्या साठ्यावर इंजिन तेवढा वेळ काढायचं. इंजेक्शनमध्ये दाब लगेच पडतो आणि गाडी गचके खाते.

माझ्या गाडीत नेमकं हेच झालं, आणि मी दोन आठवडे ईसीयूचा (इंजेक्शन चालवणाऱ्या कॉम्प्युटरचा) मॅप, म्हणजे किती पेट्रोल सोडायचं त्याचा तक्ता, उकरत बसलो (लॅपटॉप हाताशी असला की दोष त्यातच दिसतो!). शेवटी मूळ टाकी आणि नवा पंप यांच्या मध्ये दीड लिटरची सर्ज टँक (कायम भरलेली राहणारी छोटी टाकी) टाकली. जुना पंप ती भरत राहतो, नवा तिच्यातून उचलतो, दाब कायम ठेवणाऱ्या रेग्युलेटरमधून उरलेलं तिच्यातच परत येतं. जास्तीचं पेट्रोल आणि हवा वरच्या नळीने मूळ टाकीत. आणि हो, जुन्या रबरी नळ्या या दाबाला अजिबात ठेवू नका.