मदत हवी आहे: ०.८ मिमी स्टेनलेस पत्र्यात सेल्फ टॅपिंग स्क्रू धरत नाहीत

उघड्यावर असलेल्या मोटरच्या पॅनेलसाठी ३०४ जातीच्या स्टेनलेसच्या ०.८ मिमी पत्र्याची पेटी करून घेतली आहे. झाकणही त्याच पत्र्याचं. आधीच्या पेटीला झिंक प्लेटिंगचे स्क्रू होते. दुसऱ्या पावसाळ्यातच त्यांची डोकी गंजली आणि पत्र्यावर तांबडे ओघळ आले. म्हणून या वेळी सेल्फ टॅपिंग, म्हणजे पत्र्यात स्वतःच आटे पाडत जाणारे स्क्रूही स्टेनलेसचेच घेतले: ४.२ मिमी, टोकदार, पॅन हेड (गोलसर डोक्याचे).

हाताशी ३.५ चा ड्रिल बिट होता, त्यानेच दहा भोकं पाडली. स्क्रू ड्रिल मशीनवर लावले. चार नुसते फिरतात, आवळतच नाहीत. दोन अर्ध्यात असे जाम झाले की पुढेही जाईनात, मागेही येईनात. त्यातल्या एकाचं डोकं तुटलं. पत्रा नवा आहे, आणखी भोकं वाया घालवायची हिंमत होत नाही. भोक किती मिमीचं हवं होतं? शिवाय या स्क्रूंना चुंबक हलकासा चिकटतो, म्हणजे ते खरे स्टेनलेस नाहीत का? वर्षातून चार-पाच वेळा झाकण उघडावं लागतं, हेही लक्षात घ्या.

प्रतिसाद १
भोक मोठं झालं आहे. एवढ्या पातळ पत्र्यात ४.२ च्या स्क्रूला ३ ते ३.२ मिमी पुरे. स्टेनलेस चिवट असतं, म्हणून ३.२ कडे झुका. हे भोक फक्त आतल्या चौकटीत. झाकणाचं भोक ४.५ पर्यंत मोकळं ठेवा. दोन्हींत आटे पडले तर मधली फट तशीच राहते आणि कितीही पिळलं तरी झाकण बसत नाही.

जाम होण्याचं कारण मशीनचा वेग. स्टेनलेसवर स्टेनलेस जोरात घासलं की दोन्ही पृष्ठभाग एकमेकांना अक्षरशः चिकटतात. आट्यांना मेण किंवा तेल लावून स्क्रू हाताने, सावकाश फिरवा. भोक पाडतानाही वेग कमी आणि दाब जास्त ठेवा. बिट नुसता घासत राहिला तर ती जागा कडक होते, मग तिथे बिटच बोथट होतो. आधी उरलेल्या तुकड्यावर करून बघाच.

प्रतिसाद २
चुंबकावरून फसवणूक ठरवू नका. आटे दाबून पाडताना ३०४ थोडं चुंबकीय होतं. स्क्रू जोरात ओढला गेला तर मात्र तो ४१० या दुसऱ्या जातीच्या स्टेनलेसचा असण्याची शक्यता जास्त. ४१० उष्णता देऊन कडक करता येतं, म्हणून स्वतः भोक पाडणाऱ्या स्क्रूंना ते वापरतात. पण ते ३०४ पेक्षा लवकर गंजतं. उघड्यावर ए२, म्हणजे ३०४ च्या जातीचे स्क्रू घ्या. खारं वारं असेल तर ए४, म्हणजे ३१६ च्या जातीचे.

माझी खरी हरकत वेगळीच आहे. ४.२ च्या स्क्रूचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, १.४ मिमी असतो. तुमचा पत्रा ०.८. म्हणजे एक पूर्ण आटासुद्धा पत्र्यात बसत नाही. एकदा लावून सोडायचं असेल तर चालून जाईल. पुन्हा पुन्हा उघडायच्या झाकणाला हा स्क्रूच नको. स्टेनलेसचे एम४ (४ मिमी स्क्रूचे) रिव्हेट नट, म्हणजे भोकात घालून दाबून कायमचे बसवायचे आट्यांचे नट, आणि साधे मशीन स्क्रू वापरा.

धागाकर्ता
दोघांचेही मनापासून आभार. तुकड्यावर ३.२ चं भोक पाडलं, मेण लावलं, हाताने आवळलं. पहिल्यांदा इतका छान बसला की जीव भांड्यात पडला. मग मुद्दाम सहा वेळा काढून-लावून पाहिलं. सहाव्यांदा आवळताना तो फिरू लागला. म्हणजे पिचचा हिशोब खरा ठरला आणि रिव्हेट नटच लावायचे असं ठरवलं आहे.

आता अडचण जागेची. एम४ च्या रिव्हेट नटला ६ मिमीचं भोक लागतं आणि माझ्या चौकटीची आत वळवलेली पट्टी जेमतेम १२ मिमी आहे. मधोमध भोक पाडलं तर दोन्ही बाजूंना ३-३ मिमीच उरतात. नट दाबताना पट्टी वाकेल का? की कडेवरून सरकवायचे क्लिप नट बरे पडतील? कोणी एवढ्या अरुंद पट्टीवर काम केलं असेल तर कृपया सांगा, तोवर ड्रिल हातात घेत नाही.