मुंबई ते द्रास राईड, २६ जुलै: फॉर्म भरू की नको? (तातडीचे)

घोडबंदरकर
नमस्कार मंडळी. कारगिलच्या जवानांच्या आणि माजी सैनिकांच्या सन्मानार्थ एक राईड निघतेय. मुंबई, उदयपूर, जयपूर, अंबाला, जम्मू, श्रीनगर करत २५ ला द्रास, २६ ला स्मारकावर मानवंदना. फॉर्ममध्ये दोन ठिकाणी अडलोय. 'वाहन स्वतःच्या नावावर आहे का?' इथे 'नाही' लिहिलं तर बाद करतात का? आणि पिलियनचं (मागे बसणाऱ्याचं) मेडिकल वेगळं लागतं का? रात्री १२ ला लिंक बंद, आयोजक फोन उचलत नाहीत. मुद्द्याचंच बोला, 'लडाख एकदा तरी करावंच' वगैरे नको.

सह्याद्रीचा_मावळा
लडाख एकदा तरी करावंच भाऊ! 😀 गाडी कोणती?

चाकोरीबाहेर
गाडी कोणाच्या नावावर आहे? इन्शुरन्स कसला? पिलियन कोण? एवढं लपवून सल्ला मागताय.

घोडबंदरकर
लपवलं काय त्यात? क्लासिक ३५०, भावोजींच्या नावावर. इन्शुरन्स आहे.

चाकोरीबाहेर
'आहे' म्हणजे काय? नुसता थर्ड पार्टी की सर्वसमावेशक पॅकेज? आरसी, पीयूसी आणि विमा चालू असेल तर दुसऱ्याची गाडी चालवायला कायद्याची आडकाठी नाही. भावोजींचं संमतीपत्र घ्या, आयोजक बहुधा तेच मागतील. खरी गोम पुढे आहे. पॉलिसीतला पंधरा लाखांचा वैयक्तिक अपघात विमा गाडीमालक स्वतः चालवत असेल तरच लागू होतो. तुम्ही मालक नाही. आणि नुसत्या थर्ड पार्टीवर मागे बसणाऱ्याला काही मिळेल याची खात्री नाही. दोघांचा वेगळा अपघात विमा काढा.

बुलेटराजा_ठाणे
३५० आहे ना, मग डोळे झाकून जा. झोजिला घाटात टॉर्कच कामाला येतो. १२५ वाले तिथे ढकलत नेताना बघितलेत.

स्प्लेंडर_झिंदाबाद
कोणाला बघितलंत? माझी १२५ डबलसीट झोजिला चढली, ढकलली नाही. तुमच्यातलेच दोन जण क्लच प्लेट जाळून सोनमर्गला बसले होते.

बुलेटराजा_ठाणे
ती चढली नसेल, तुम्ही पहिल्या गिअरमध्ये प्रार्थना केली असेल.

माहेरवाशीण
अहो, भांडणं दुसऱ्या धाग्यावर. जम्मू-काश्मीर आणि लडाखात बाहेरचं प्रीपेड सिम चालत नाही, पोस्टपेड करून घ्या. आम्ही सहलीला गेलो तेव्हा फार पंचाईत झाली होती. आणि आक्रोड पहलगामला घेऊ नका.

घोडबंदरकर
ताई, धन्यवाद, पण सिमचं विचारलं नव्हतं. पहिल्या प्रश्नाचं कळलं. पिलियनच्या मेडिकलचं कोणी सांगेल का?

निवृत्त_सुभेदार
पिलियन कोण आणि वय काय, हे सांगितल्याशिवाय कसं सांगणार बाळा?

घोडबंदरकर
बाबा. ६२. तोफखान्यात होते, ९९ ला द्रासलाच. त्यांच्यासाठीच चाललोय. मागच्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, आता ठणठणीत आहेत. रोज उपवन तलावाला चार फेऱ्या मारतात.

चाकोरीबाहेर
हे अकराव्या प्रतिसादाला येतंय!!

निवृत्त_सुभेदार
उपवनच्या फेऱ्या ठाण्याच्या उंचीवर. श्रीनगर साधारण ५,२०० फूट, द्रास १०,८०० च्या घरात, मधला झोजिला त्याहून वर. आज श्रीनगर सोडून संध्याकाळी द्रासला मुक्काम, हे धडधाकट पोरांनाही डोकेदुखी देतं. बाबा तिथे होते तेव्हा पस्तिशीच्या आसपास होते आणि आठवडेच्या आठवडे हवेला सरावलेले. आयोजक मेडिकल मागोत न मागोत, हृदयरोगतज्ज्ञाला उंचीचा आकडा सांगून लेखी घ्या. 'फिट आहे' एवढंच नको. माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचं ईसीएचएस कार्ड असेलच, पॉलिक्लिनिकमधून रेफरल मिळेल. श्रीनगर आणि सोनमर्ग मिळून निदान दोन-तीन रात्री काढा.

रेल्वेप्रेमी_वांद्रे
मी सांगतो सोपं. बाबांना बाइकवर नेऊच नका. वांद्रे टर्मिनसहून स्वराज एक्सप्रेसने कटरा, पुढे कटरा-श्रीनगर वंदे भारत. गाडीसुद्धा पार्सलने जम्मूला पाठवा. पेट्रोल पूर्ण काढावं लागतं, आरसी-विम्याच्या प्रती, ओळखपत्र, वर पॅकिंग. भावोजींची गाडी म्हणून संमतीपत्र तिथेही लागेल.

बुलेटराजा_ठाणे
गाडी रेल्वेने? मग ती राईड कसली, कुरिअर झालं.

रेल्वेप्रेमी_वांद्रे
जुलैत मनोर ते वापी पावसात चालवून बघा, मग कुरिअर गोड वाटेल.

स्प्लेंडर_झिंदाबाद
प्रथमच बुलेटराजांशी सहमत. पण ६२ वर्षांच्या माणसाला पिलियन सीटवर सव्वादोन हजार किलोमीटर? माझी पाठ पंचेचाळिशीत गेली.

अपशिंगेकर
सैनिकांचा सन्मानच करायचा तर एवढ्या लांब कशाला? साताऱ्याजवळ आमच्या अपशिंगे मिलिटरी गावाला या, घरटी फौजी आहे. नाहीतर खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरला जा. तिथले जवान व्हीलचेअरवरून खेळतात, त्यांना पेट्रोलचे पैसे द्या.

निवृत्त_सुभेदार
साहेब, ज्याचा जोडीदार द्रासजवळच्या तोलोलिंग डोंगराखाली पडला असेल, त्याला अपशिंगेला जा म्हणून कसं सांगता येईल?
घोडबंदरकर, आणखी एक. राईडवाले गाडीच्या मागच्या बाजूला तिरंगा गुंडाळतात. ध्वजसंहितेत वाहनाच्या छतावर, बाजूंवर, मागे तो पसरायला मनाई आहे. फौजी छापाची जॅकेटंही घालू नका. बाबांनी ब्लेझरवर आपली पदकं लावली की झालं.

चाकोरीबाहेर
परतीचं काय? रजा किती आहे?

घोडबंदरकर
१८ ला निघायचं. २८ ला ऑफिसला हजर.

चाकोरीबाहेर
म्हणजे २६ ला दुपारी द्रास सोडून २७ ला रात्री घोडबंदर!! मनावर घ्या, पण घाटावर नका घेऊ. अमरनाथ यात्रा चालू असते, सोनमर्ग-बालटाल पट्ट्यात आणि झोजिलावर वाहतूक ठरावीक वेळेलाच सोडतात. एक गेट चुकलं की दिवस गेला. गाडी कोणाकडून तरी जम्मू तवीहून पार्सल करून घ्या, तुम्ही दोघं श्रीनगरहून विमानाने या.

घोडबंदरकर
बाबांना विचारलं. म्हणाले, "तेव्हा रेल्वेनेच गेलो होतो, आताही जाईन. पण श्रीनगरपुढे तुझ्याच मागे बसणार, सोबतच्या टेम्पोत नाही." डॉक्टरांची वेळ उद्या सकाळी ११ ची, लिंक आज १२ ला बंद. फॉर्म माझा भरतो, पिलियनच्या रकान्यात 'श्रीनगर ते द्रास, मेडिकलनंतर नक्की' लिहितो. चालेल ना? हो-नाही सांगा.

निवृत्त_सुभेदार
हो. डॉक्टर नाही म्हणाले तर टेम्पो. हे बाबांना आत्ताच सांगून ठेव. कोणत्या रेजिमेंटला होते ते व्यनि (खासगी निरोप) कर.

सह्याद्रीचा_मावळा
सॅडलबॅग विकायची आहे, ४० लिटरची, एकदाच वापरलेली. मुलुंडला येऊन बघा.

माहेरवाशीण
सिम मात्र दोघांचंही बदला हं.