मदत हवी आहे : पिके पीक (सोलू, नेपाळ), नोव्हेंबरमध्ये छोटा टी-हाऊस ट्रेक, चार रात्री पुरतील का?

पायवाट_पुणे

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आम्ही तिघं पिके पीकला जायचं म्हणतोय, मुक्काम टी-हाऊसमध्ये, म्हणजे वाटेवरच्या साध्या घरगुती लॉजमध्ये. मी, नवरा आणि माझे बाबा (वय ६२, रक्तदाबाची एक गोळी चालू, दर महिन्याला सह्याद्रीत एखादा गड होतोच). पून हिलची (नेपाळमधलं प्रसिद्ध सूर्योदयाचं ठिकाण) गर्दी नको, शांतपणे बसून एव्हरेस्ट बघायचाय, एवढीच इच्छा. काठमांडूच्या एका एजन्सीनं दिलेला कार्यक्रम असा :

दिवस १ : काठमांडू ते धाप, जीपनं
दिवस २ : धाप ते पिके बेस कॅम्प
दिवस ३ : पहाटे माथा, मग खाली जुनबेसी
दिवस ४ : जुनबेसी ते फाफ्लू
दिवस ५ : जीपनं काठमांडू, त्याच रात्री मुंबईचं विमान

१) हा कार्यक्रम बाबांना झेपेल का?
२) डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) घ्यावी का?
३) तिघंही शाकाहारी. जेवणाचं काय?
४) आधार कार्डावर जाता येतं असं ऐकलंय, खरं का?
५) गाईड आणि पोर्टर दोन्ही हवेत का?

उतरंड

जागा छान निवडली आहे. कार्यक्रम मात्र आहे तसा स्वीकारू नका. बाबांच्या वयाचा इथे फारसा संबंध नाही, हा कार्यक्रम पंचविशीतल्या माणसालाही त्रास देईल.

आकडे बघा. काठमांडू १,४०० मीटर, धाप साधारण २,८५०, बेस कॅम्प सुमारे ३,६४० आणि माथा ४,०६५. म्हणजे घर सोडल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीच तुम्ही ३,६०० च्या वर झोपणार. ३,००० च्या वर गेल्यावर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, हा सर्वमान्य नियम. दिवसा कितीही वर जाऊन या, शरीर हिशेब ठेवतं ते रात्री कुठे झोपलात याचा.

पूर्वी लोक जिरीहून चालत यायचे. भांडार, सेते, लामजुरा खिंड अशी चढउतार करत इथवर येईपर्यंत उंची आपोआप अंगवळणी पडायची. आता जीप थेट धापला सोडते. ट्रेक "छोटा" झाला, म्हणजे नेमके हेच सवयीचे दिवस कापले गेले. पिकेवर डोकं धरून बसलेले बहुतेक लोक दमलेले नसतात, लवकर पोचलेले असतात.

आणि सह्याद्रीचा सराव पायांना आणि दमाला उपयोगी, पण कळसूबाईचा माथाच १,६४६ मीटर. विरळ हवेची सवय त्यातून होत नाही. उलट तंदुरुस्त माणूस भरभर चढतो आणि आधी आजारी पडतो.

माझा सल्ला :

पहिली रात्र धाप. दुसरी रात्र झाप्रे. अंतर थोडं आहे, दुपारपर्यंत पोचाल. उंची जवळजवळ तेवढीच राहते, तेच हवंय. तिसरी रात्र पुन्हा झाप्रेलाच. त्या दिवशी पाठीवर फक्त पाणी आणि जाकीट घेऊन बेस कॅम्पच्या वाटेनं ३,३००-३,४०० पर्यंत चढा, तासभर बसा, खाली या. चौथी रात्र बेस कॅम्प. पाचव्या दिवशी पहाटे माथा, मग जुनबेसी (२,७००). सहावी रात्र फाफ्लू. सातव्या दिवशी जीपनं काठमांडू, विमान आठव्या दिवशी.

झाप्रे ते बेस कॅम्प ही उडी तरीही साडेसातशे मीटरची होते. म्हणून तिसरा दिवस कापायचा नाही. एजन्सी "उगाच एक दिवस वाया" म्हणेल. म्हणू दे.

सोलूखुंबू_वाचक

विमानाबद्दल उतरंड यांच्याशी शंभर टक्के सहमत. फाफ्लू-काठमांडू जीप कागदावर दहा तासांची असते. रस्ता सिंधुलीच्या बीपी महामार्गानं जातो आणि सप्टेंबर २०२४ च्या पुरात त्याचे मोठे पट्टे नदीनं नेले होते. दरड, दुरुस्ती, एकेरी वाहतूक, काहीही आडवं येऊ शकतं. त्याच रात्रीचं विमान ठेवणं म्हणजे तिकिटाचे पैसे पाण्यात. फाफ्लूला धावपट्टी आहे, पण ढग उतरले की उड्डाण रद्द. त्यावरही विसंबू नका.

आता माथ्याबद्दल. बेस कॅम्पपासून चढ सव्वाचारशे मीटरचा. सवय झालेल्या माणसाला दीड तास, बाबांच्या चालीनं दोन तास धरा. नोव्हेंबरमध्ये सूर्य सव्वासहाच्या आसपास उगवतो (नेपाळचं घड्याळ आपल्यापुढे १५ मिनिटं आहे, गजर लावताना लक्षात ठेवा), म्हणून पावणेचारला निघा. गवतावर दहिवर गोठलेलं असतं, टॉर्चच्या उजेडात काचेसारखं चमकतं आणि बुटाखाली सरकतं. काठी दोन्ही हातांत हवी.

जाडं डाऊन जाकीट चढताना घालू नका, सॅकमध्ये वरच ठेवा. घाम आला की तो वर पोचल्यावर गार पडतो, आणि माथ्यावर वारा पताकांच्या दोऱ्या ताणून धरतो इतका असतो. माथ्यावर पोचताक्षणी, धाप बसायच्या आधी, जाकीट अंगात.

एव्हरेस्ट कुठे बघायचा हेही सांगतो, कारण इथे हमखास चूक होते. उत्तरेकडे सगळ्यात मोठा दिसतो तो नुंबुर, जवळपास सात हजार मीटरचा, सोलूच्या शेर्पांचं दैवत. नवखे लोक त्यालाच एव्हरेस्ट समजून फोटो काढतात. एव्हरेस्ट ईशान्येला, दूर आणि आकारानं लहान. नुप्त्से-ल्होत्सेच्या पांढऱ्या भिंतीमागून डोकं वर काढलेला गडद त्रिकोण. वाऱ्यानं वरचं बर्फ उडून जातं म्हणून तो काळपट दिसतो, हीच ओळखीची खूण. त्याच्या उजवीकडे मकालू आणि पूर्वेला खूप लांब कांचनजंगा. नोव्हेंबरमध्ये सूर्य आग्नेयेकडून येतो, म्हणून एव्हरेस्टवर उजेड बाजूनं पडतो आणि कडे उठून दिसतात. उजाडायच्या आधीची वीस मिनिटं सगळ्यात सुंदर. सूर्य वर आला म्हणून लगेच उतरू नका. बहुतेक जण फोटो काढून खाली पळतात आणि तुम्हाला हवी असलेली शांतता नेमकी त्यानंतर मिळते.

पायवाट_पुणे

मनापासून आभार! विमान पुढे ढकलतेय, झाप्रेच्या दोन रात्रीही पक्क्या. डायमॉक्सचं कुणी सांगेल का? आणि बाबांना त्रास होतोय हे ओळखायचं कसं? ते स्वतः कधीच सांगणार नाहीत.

डॉ_डोंगर

आधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा, आणि गोळीचं नाव घेऊन विचारा. रक्तदाबाच्या काही गोळ्या लघवी वाढवणाऱ्या असतात, डायमॉक्सही तेच करते. दोन्ही एकत्र आल्या तर पाणी आणि क्षार कमी होऊन चक्कर येऊ शकते. सल्फाची ॲलर्जी असेल तर तेही आधीच सांगा.

डॉक्टर हो म्हणाले तर प्रतिबंधासाठी नेहमीचा डोस १२५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा. चढ सुरू होण्याच्या आदल्या दिवसापासून, वर पोचल्यावर दोन दिवसांपर्यंत किंवा उतार सुरू होईपर्यंत. बोटांना मुंग्या येतात, सोडायुक्त पेय बेचव लागतं, रात्री लघवीला उठावं लागतं. हे अपेक्षित आहे, घाबरू नका. पहिली गोळी पुण्यात, घरी असताना घेऊन बघा. अंगावर पुरळ वगैरे उठायचं असेल तर तिथेच कळेल.

न सांगणाऱ्या माणसाला प्रश्न विचारून उपयोग नाही, ताटाकडे बघा. रोज दोनदा भात घेणारा माणूस अर्धी वाटी ठेवून उठला, चेष्टामस्करी बंद झाली, बुटाची नाडी बांधायला वेळ लागतोय, तर काहीतरी बिनसलंय. डोकेदुखी आणि सोबत मळमळ, भूक जाणं किंवा चक्कर असेल तर ती उंचीचीच समजायची. त्या दिवशी पुढे चढायचं नाही. पाणी, पॅरासिटामॉल, विश्रांती. सकाळी बरं वाटलं तरच पुढे.

संशय आला तर सरळ रेषेत टाचेला अंगठा लावत दहा पावलं चालायला सांगा. तोल गेला, किंवा बसल्याजागी धाप लागतेय, खोकला थांबत नाहीये, तर सकाळची वाट बघायची नाही. अंधार असला तरी गाईडसोबत खाली. तीनशे ते हजार मीटर उतरलं की फरक पडतो. आणि आजारी माणसाला एकट्याला कधीही पाठवू नका. फाफ्लूला रुग्णालय आहे, हिलरींच्या पुढाकारानं १९७० च्या दशकात उभं राहिलेलं.

झोपेची गोळी आणि रक्सी (तिथली गावठी दारू), दोन्ही बेस कॅम्पवर वर्ज्य.

उतरंड

विम्याचं राहिलं. प्रवास विम्याच्या बऱ्याच पॉलिसींत ट्रेकिंग "साहसी खेळ" म्हणून वगळलेलं असतं, किंवा उंचीची मर्यादा घातलेली असते. ४,०६५ मीटर आणि हेलिकॉप्टर, दोन्ही लेखी बसतंय का ते बघा. हेलिकॉप्टरचं बिल हजारो डॉलरमध्ये जातं.

सीमेपार

कागदपत्रं : विमानानं जाणाऱ्या प्रौढ भारतीयाला पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र, मूळ प्रत. आधारची सवलत १५ वर्षांखालच्यांना आणि ६५ वर्षांवरच्यांना आहे. बाबा ६२ चे, म्हणून त्यांनाही आधार चालणार नाही. पासपोर्ट असेल तर तोच न्या. टिम्स कार्डासाठी (ट्रेकरच्या नोंदणीचं कार्ड) दोन फोटो ठेवा. सार्क नागरिकांना टिम्सचे १,००० नेपाळी रुपये, ते एजन्सीकडूनच काढलं जातं. पिके सागरमाथा राष्ट्रीय उद्यानात येत नाही, त्यामुळे त्याचं शुल्क कुणी लावलं असेल तर विचारा.

पैसे : १०० भारतीय रुपये म्हणजे १६० नेपाळी, दर बांधलेला आहे. काठमांडूत क्यूआरवर यूपीआय बऱ्याच ठिकाणी चालतं, डोंगरात रोखच. नेपाळी नोटा काठमांडूतच घ्या, त्यातही सुट्ट्या. पॅकेजमध्ये खाणं-राहणं नसेल तर माणशी रोज अडीच ते साडेतीन हजार नेपाळी धरून चला.

चुलीपाशी

जेवणाची काळजी नको. दाल-भात-तरकारी सगळीकडे, आणि भात-डाळ-भाजी परत वाढतात. बटाट्याची जाड पोळी मिळाली तर नक्की खा, शेर्पा तिला रिकीकुर म्हणतात. वर लोणी आणि तिखट चटणी. श्याक्पा हा रस्सा मागवताना "मासु नहाल्नुस्" म्हणजे मांस घालू नका, असं स्पष्ट सांगा, कारण तो बहुधा मांस घालूनच करतात.

टी-हाऊसचा हिशेब समजून घ्या. खोलीचं भाडं नाममात्र असतं, घर चालतं ते जेवणावर. म्हणून जिथे राहाल तिथेच रात्रीचं आणि सकाळचं जेवायचं. चूल एक, दिदी एकटी. तिघांनी तीन पदार्थ मागवले तर तिसऱ्याला दीड तासानं मिळेल. तिघांनी एकच मागवा, पोचल्या पोचल्या सांगा. पहाटे पावणेचारला चहा हवा असेल तर रात्रीच थर्मास भरून घ्या, तिला तीनला उठवू नका.

शेकोटी फक्त जेवणाच्या खोलीत. झोपायची खोली म्हणजे प्लायवूडच्या भिंती, पलीकडच्यानं कूस बदलली तरी ऐकू येतं. नोव्हेंबरमध्ये रात्री बेस कॅम्पला पारा शून्याखाली जातो आणि नळाचं पाणी गोठतं, म्हणून पिण्याचं पाणी संध्याकाळीच भरायचं. उकळलेलं पाणी विकत मिळतं. ते धातूच्या बाटलीत भरा, बाटली मोज्यात घाला आणि झोपताना पायाशी ठेवा. सकाळी तेच पाणी प्यायला कोमट. क्लोरीनची गोळी वापरणार असाल तर अर्धा तास हा साध्या पाण्याचा हिशेब. बर्फगार पाण्यात दुप्पट वेळ द्या. फोन आणि पॉवरबँक स्लीपिंग बॅगमध्ये, नाहीतर पहाटे बॅटरी मेलेली.

उतरंड

गाईड-पोर्टर : दोन्ही घ्या. गाईड सामान उचलेल ही अपेक्षा ठेवू नका, आजारी माणसाला उतरवताना त्याचे हात मोकळे हवेत. तिघांचं सामान एका पोर्टरवर लादू नका. दोघांच्या मिळून वीस किलोपर्यंत एक पोर्टर, म्हणून एकतर दोन पोर्टर घ्या किंवा बाबांचं सामान पोर्टरकडे आणि तुमच्या दोघांचं थोडं थोडं त्याच पोत्यात. साधारण गाईडचे रोज २५ ते ३५ डॉलर, पोर्टरचे २० ते २५.

एजन्सीला लेखी विचारा : पोर्टरचा विमा काढलाय का, त्याच्याकडे उबदार कपडे आहेत का, त्याचं जेवण-राहणं त्याच्या मजुरीतून जातं की वेगळं, आणि कुणी आजारी पडून कार्यक्रम लांबला तर जादा दिवसाचे किती. पहिल्या दोन प्रश्नांना गोलमोल उत्तर आलं तर एजन्सी बदला.

पायवाट_पुणे

शेवटचं एकच. माथ्यावरून जुनबेसीचा उतार बाबांच्या गुडघ्यांना कसा? आणि स्लीपिंग बॅग काठमांडूत भाड्यानं घ्यावी का?

सोलूखुंबू_वाचक

हाच या ट्रेकचा खरा कठीण दिवस. ४,०६५ वरून २,७०० म्हणजे जवळजवळ चौदाशे मीटर उतार, तोही पहाटे चढून झाल्यावर. लामजुराच्या बाजूनं जंगलातून वाट आहे, उत्तर उतारावर ओल टिकते, मुळं निसरडी असतात. काठ्या उतरताना दहा सेंटिमीटर लांब करा, नखं आदल्या दिवशी कापा, बूट घोट्यापाशी घट्ट बांधा म्हणजे बोटं पुढे आपटत नाहीत. दुपारी दोनपर्यंत वाटेतल्या ताक्तोर गावाला पोचला नाहीत तर जुनबेसीचा हट्ट सोडा आणि तिथेच मुक्काम करा. दुसऱ्या दिवशी जुनबेसीहून सल्लेरीकडे (फाफ्लूच्या शेजारचं गाव) जीप मिळते, त्यामुळे फाफ्लू चुकत नाही.

बॅग काठमांडूतल्या थामेलला भाड्यानं मिळते. उणे दहाची मागा, पण उघडून चेन दोन्ही बाजूंनी चालवून बघा आणि उजेडासमोर धरून पिसं एका कोपऱ्यात गोळा झालेली नाहीत ना ते तपासा. आत घालायचं सुती अस्तर पुण्याहूनच शिवून न्या.