प्रादेशिक योजनेत (जमिनीच्या वापराचा सरकारी आराखडा) गट शेती झोनमध्ये, पण गावठाणाला लागून. घर बांधायला झोन बदलावाच लागेल का?

प्रश्न: गटाची एक बाजू गावठाणाच्या हद्दीला टेकते. ग्रामपंचायत म्हणते ठराव करून देतो. तेवढ्यावर भागेल?

बांधावरून: ठरावाने झोन बदलत नाही. नगररचना अधिनियम १९६६, कलम २० खाली फेरबदल शासनच करतं: राजपत्रात नोटीस, हरकती-सूचना, सुनावणी, मंजुरी. ठराव हा फक्त मागणीचा कागद. पण आधी जमीन महसूल संहितेचं कलम ४२-ड बघा. गावठाण हद्दीपासून २०० मीटरच्या आतली जमीन निवासी वापरासाठी अकृषिक (बिगरशेती, एनए) समजली जाते. एका घरासाठी झोनबदलाच्या मागे कशाला लागायचं?

गटनकाशा: अडतं ते मोजणीत. २०० मीटर शेवटच्या घरापासून नाही, नोंदलेल्या गावठाण हद्दीपासून. वस्ती पुढे सरकते, हद्द जुनीच राहते. गूगलवर टेप लावू नका, भूमी अभिलेखकडून मोजणीची ‘क’ प्रत, म्हणजे खातेदाराला मिळणारा मोजणी नकाशा, घ्या. सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग २ (शासनाच्या अटी असलेली जमीन) दिसला तर नजराण्याचं, म्हणजे शासनाला भरायच्या रकमेचं, आधी निस्तरा.

बांधावरून: बरोबर. आणि अकृषिक झालं म्हणजे बांधकाम परवानगी मिळाली असं नव्हे. पूररेषा, रस्त्यापासूनचं अंतर, पोचरस्ता हे वेगळं तपासतात. पोचरस्ता नकाशावर हवा, नुसती वहिवाट पुरत नाही.