सॅसरेकचा टेस्ट-आकडा झकास, पण शिफारशी सगळ्यांना त्याच त्या. चूक कुठे?

करवीर_विदा: कोल्हापुरी चपलांच्या ऑनलाइन दुकानासाठी सॅसरेक (क्लिकच्या क्रमावरून पुढची वस्तू सुचवणारं मॉडेल) बसवतोय. ८,००० वस्तू, दर ग्राहकाच्या शेवटच्या ५० क्लिक. प्रत्येकाची शेवटची क्लिक टेस्टला ठेवली, तिच्यात १०० रँडम वस्तू मिसळल्या आणि ती पहिल्या १० त येते का बघितलं. बहुतेक वेळा येते. पण साइटवर सगळ्यांना तीच कापशी, तीच बक्कलनाली. नवीन जोड तर दिसतच नाहीत. लेयर वाढवू की बर्टफोररेक (त्याच कामाचं दुसरं मॉडेल) घेऊ?

रंकाळा_टेन्सर: भावा, मॉडेलला हात लावू नको, आधी मोजमाप बदल. बरोबर वस्तू खऱ्या क्रमात ४०० वी आहे असं धर. तिच्या वर ३९९ वस्तू. ८,००० तून १०० रँडम उचलल्या की त्या ३९९ पैकी सरासरी ५ च हाताला लागतात. म्हणजे तुझ्या टेस्टमध्ये ती सहावी, पास! साइटवर ४०० वी चप्पल कोण बघतंय? क्रिशेन आणि रेंडल यांच्या २०२० च्या पेपरात हेच आहे: अशा आकड्यांनी दोन मॉडेलांमधलं सरस कोणतं, हेसुद्धा उलटं दिसू शकतं. पूर्ण ८,००० वर क्रम लाव. आकडा धाडकन पडेल, पण खरा तोच.

आणि डेटा एका तारखेवर काप. आत्ता एकाची मार्चमधली क्लिक टेस्टला आहे आणि दुसऱ्याची दिवाळीतली ट्रेनिंगला, म्हणजे पुढची मागणी मॉडेलला आधीच कळतीय. नुसत्या खपावर लावलेली यादीही शेजारी मोजून बघ.

लॉस_फंक्शन_४१६: मूळ सॅसरेक (२०१८) एका बरोबर वस्तूमागे एकच चुकीची वस्तू घेतं. शिकताना निम्मी उत्तरं 'हो', प्रत्यक्षात ८,००० त एक. त्यामुळे वरच्या कित्येक वस्तूंचे स्कोअर १ ला चिकटतात आणि त्यांच्यातला फरक पुसट होतो. पूर्ण सॉफ्टमॅक्स लावा, म्हणजे क्रॉस-एन्ट्रॉपी लॉस, ज्यात बरोबर वस्तू सगळ्या ८,००० शी एकदम तोलली जाते. मेमरीचा हिशेब: बॅच १२८ × लांबी ५० × ८,००० वस्तू × ४ बाइट, म्हणजे साधारण २०५ एमबी. ग्रेडियंट वगैरे धरून तिप्पट झालं तरी ८ जीबीच्या ग्राफिक्स कार्डात आरामात बसतं. बर्टफोररेकची गरज नाही. क्लेनित्स्की आणि वसिलेव्ह यांनी २०२३ मध्ये दाखवलं की क्रॉस-एन्ट्रॉपी लावलेलं सॅसरेक त्याच्या पुढे जातं.

खपाकडचा कल मात्र एवढ्यानं जात नाही. यादी दाखवताना स्कोअरमधून खपाचा लॉग (लॉगॅरिदम) ०.१ वजनानं वजा करा, मग हळूहळू वाढवत बघा.

पायताण_वेक्टर: नवीन जोडांचं कारण वेगळं आहे. क्लिकच नाहीत, मग आयडीचा वेक्टर (क्लिकवरून मॉडेल प्रत्येक वस्तूसाठी शिकतं ते आकडे) शिकणार कुठून? मराठी वर्णन पुण्याच्या एल३क्यूबच्या महा-एसबर्टमधून (मराठी वाक्याचे आकडे करणारं मॉडेल) काढा, ७६८ आकड्यांचा वेक्टर मिळेल. लिनिअर लेयरनं तो मॉडेलच्या मापाचा करून आयडीच्या वेक्टरमध्ये मिळवा. ट्रेनिंगमध्ये अधूनमधून आयडीचा वेक्टर शून्य करा, नाहीतर मॉडेल मजकुराकडे बघतच नाही.

सॉफ्टमॅक्समध्ये एक गोष्ट हमखास चुकते: क्लिक झाली त्या दिवशी जी वस्तू विक्रीला आलीच नव्हती, तिचा लॉजिट (सॉफ्टमॅक्सच्या आधीचा कच्चा स्कोअर) मास्क करा, म्हणजे हिशेबातून वगळा. नाही केलात, तर प्रत्येक जुनी क्लिक त्या नव्या जोडाला 'नको' म्हणून खाली ढकलत राहते.

करवीर_विदा: मास्क नव्हताच! वस्तू कधी विक्रीला आली ती तारीख टेबलात आहे, आज रात्री जोडतो.