मदत हवी: कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या गाडल्या त्याच वावरात मका पिवळी पडायलीय

नमस्कार मंडळी, परभणीकडं शेती आहे, काळी भारी जमीन. माती परीक्षणात सेंद्रिय कर्ब (कार्बन) 0.4 टक्के आला म्हणून औंदा पऱ्हाट्या जाळल्या नाहीत, फेब्रुवारीत श्रेडरनं कुट्टी करून रोटाव्हेटर मारला, बोंडअळीचाही बंदोबस्त होतो म्हणतात. पाऊस झाल्यावर अर्ध्यात मका, अर्ध्यात सोयाबीन. आता मका गुडघ्याएवढी होऊन पिवळी पडायलीय. धुऱ्यापलीकडं कुट्टी नाही, तिथं तेच बी, तेच खत अन् हिरवीगार! सोयाबीनला तर काहीच नाही झालं. दुकानदार म्हणतो कुट्टी कुजवणाऱ्या जिवाणूची बाटली सोडा. सोडू का?

— खालची पानं पिवळी का वरची? कोवळी पानं पिवळी अन् शिरा हिरव्या असतील तर चुनखडीमुळं लोह मिळत नसंल.

— खालचीच दादा, पानाच्या शेंड्याकडून मधल्या शिरेनं आत चाललंय.

— मग नत्रच (नायट्रोजन) कमी पडतंय. बघा, कुट्टी कुजवणाऱ्या जिवाणूच्या अंगात साधारण 8 भाग कर्बाला 1 भाग नत्र असतं, अन् खाल्लेल्या कर्बातला बराचसा तो श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड करून सोडतो, म्हणून त्याला 24-25 भाग कर्बाला 1 भाग नत्र असं खाणं पुरतं. पऱ्हाटीत हे 50 च्या पुढंच. कमी पडलेलं नत्र तो मातीतून ओढतो, मक्याच्या तोंडचं. उन्हाळ्यात कोरड्या मातीत कुट्टी तशीच पडून होती, ओल आली अन् जिवाणू जागे झाले ते नेमके मक्याला नत्र लागायच्या टायमाला. सोयाबीनच्या मुळावर गाठी, ते हवेतलं नत्र घेतंय, त्याला काय फरक पडतोय. बाटलीचं राहू द्या, कुजवणाऱ्यांची उणीव नाही, नत्राची आहे. युरिया थोडा थोडा ओळीच्या कडेला मातीआड करा, आपल्या मातीचा सामू (pH) 8 च्या आसपास, वर फेकला तर अमोनिया होऊन उडतो.

— म्हणजे ते ओढलेलं नत्र गेलंच का कायमचं?

— नाही, उसनं गेलंय. जिवाणू मेले की अमोनियम सुटतं, दुसरे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात, पिकाला मिळतं. मेलेल्यांचा थोडा कर्ब चिकणमातीला धरून राहतो, तुमचा 0.4 वाढायचा तो त्यातूनच, पण सावकाश. या मक्याला मात्र त्याची वाट बघून चालणार नाही.

— मधेच बोलतो, वावरात पाणी साचलंय का? साचलं असंल तर युरिया लगेच नका टाकू, हवा नसली की नायट्रेटचा वायू होऊन निघून जातो. आधी चर काढा.