नागपुरात हिवाळ्यात डेझी फुलवायची आहे, सल्ला हवा

मानेवाड्याची बाग:
नमस्कार मंडळी. घरापुढे कुंपणालगत १२ फूट लांब, २ फूट रुंद पट्टा आहे. माती आपली काळीच. ऊन सकाळी ९ ते दुपारी ३. गेल्या जानेवारीत नर्सरीतून फुललेल्या पांढऱ्या शास्ता डेझीच्या ८ कुंड्या आणून रोपं पट्ट्यात लावली. पंधरा दिवस डोळे निवले. मग खालची पानं पिवळी पडली, बुंधे काळे झाले आणि होळीच्या आत सगळी गेली. यंदा आई हिवाळाभर आमच्याकडे राहणार आहे, तिला पांढरी फुलं फार आवडतात. तिच्या खिडकीतून दिसतील अशी फुलवायची आहेत. कोणती जात घेऊ? बी कधी टाकू?

गच्चीवरची काकू:
ताई, पोळा झाला की तयारीला लागा. बी मात्र दसऱ्याच्या आसपास, पाऊस पुरता गेल्यावरच टाका. शास्ताचं नाव कॅलिफोर्नियातल्या बर्फाच्या डोंगरावरून पडलंय, तिला आपला ४५ अंशांचा मे सोसत नाही. आईसाठी पॅलुडोसम नावाची छोटी पांढरी डेझी लावा. वीतभर उंचीचं झुडूप, त्यावर पिवळ्या डोळ्याची रुपयाएवढी पांढरी फुलं, इतकी की पानं दिसेनाशी होतात. बी बारीक असतं, थोड्या वाळूत मिसळून ट्रेमध्ये फेका, वरून चाळलेलं गांडूळखत नुसतं भुरभुरा. आठ-दहा दिवसांत उगवतं. चार-सहा पानं आली की संध्याकाळी वीतभर अंतरावर लावा. जानेवारीत बहर सुरू होतो.

काळी माती:
काकूंचं बरोबर आहे, पण ताई, तुमची रोपं थंडीने गेली नाहीत, उन्हानेही नाही. बुंधा काळा झाला म्हणजे पाणी साचलं. वरून माती सुकून भेगा पडतात म्हणून आपण रोज पाणी घालतो आणि खाली दोन बोटांवर चिखल असतो. मी स्वतः दोन हिवाळे याच चुकीत घालवले. पट्टा खणून एक घमेलं मातीला अर्धं घमेलं वाळू आणि अर्धं जुनं शेणखत मिसळा, वाफा जमिनीपासून वीतभर उंच करा. बोट खुपसून कोरडं लागलं तरच पाणी, तेही सकाळी आणि बुंध्याशी.

मानेवाड्याची बाग:
भाऊ, नेमकं तेच झालं असणार, मी रोज संध्याकाळी पाइप धरायची. सोबत रंग म्हणून आफ्रिकन डेझी चालेल का?

गच्चीवरची काकू:
डायमॉर्फोथिका ना? अवश्य. केशरी, पांढरी, फिकट जर्दाळू रंगाची येते. तिचं बी जपून ठेवा, पाहण्यासारखं असतं: एकाच फुलातून दोन तऱ्हेचं. मधल्या चकतीतलं चपटं, कागदी पंखाचं, आणि कडेच्या पाकळ्यांखालचं काडीसारखं खरबरीत. पण ती आणि तिच्यासारखीच दिसणारी गझेनिया, दोन्ही ऊन उतरलं की मिटतात, ढगाळ दिवशी उघडतच नाहीत. शिवाय फुलं सूर्याकडे तोंड करतात. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेला असतो. आईंची खिडकी पट्ट्याच्या कोणत्या बाजूला आहे?

मानेवाड्याची बाग:
उत्तरेला. म्हणजे घर उत्तरेला, पट्टा दक्षिणेला.

गच्चीवरची काकू:
मग तिला फुलांच्या पाठीच दिसतील गं. पट्ट्यात पॅलुडोसमच लावा, ते ढगातही मिटत नाही. डायमॉर्फोथिका फाटकाजवळच्या कुंड्यांत ठेवा, येता-जाता दिसेल.

काळी माती:
जानेवारीत आभाळ आलं की कोवळ्या शेंड्यांवर मावा बसतो. दिसताच ५ मिली निंबोळी तेल आणि साबणाचे दोन-चार थेंब लिटरभर पाण्यात घालून संध्याकाळी फवारा. सुकलेली फुलं दर तीन-चार दिवसांनी देठासकट खुडा, बहर लांबतो. आणि मार्च संपताना रोपं माना टाकू लागली की पाणी वाढवू नका. उपटून खतात घाला आणि त्याच वाफ्यात गलांडा लावा, तो आपल्या उन्हात टिकतो.

मानेवाड्याची बाग:
दोघांचे मनापासून आभार. उद्याच पट्टा खणायला घेते. काकू, २४ चौरस फुटांना रोपं किती लागतील?

गच्चीवरची काकू:
पंचेचाळीस-पन्नास तरी. दीडशे उगवतील इतकं बी टाका, उरलेली शेजारी वाटा.